गोधडीतला घास

तक्रार करणाऱ्याने आरोपीच्याच घरी जाऊन तीन दिवस पाहुणचार झोडावा, हे कुठल्या कायद्यात बसतं मला ठाऊक नाही. गेल्या भाद्रपदात मी ते केलं.

आधी तक्रार सांगते. मी चिपळूणची. पाणी आणि दूध तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे स्वच्छतेच्या बाबतीत मी जरा अतीच आहे असं माझे भाचे म्हणतात. 'जरा' हा त्यांचा सभ्यपणा. घरात आम्ही दोघी बहिणी, मी आणि थोरली सुमनताई. मी नोकरी करायची, ताई घर बघायची. माघात ताई गेली. तिच्या साड्या कपाटात तशाच होत्या. मी कपाट उघडायची आणि परत लावून टाकायची.

भाचीने फोनवर एक अ‍ॅप दाखवलं. जुन्या कापडाच्या वस्तू करणाऱ्या बायकांचा तो ऑनलाइन बाजार. आपल्या माणसाच्या साड्या पोस्टाने पाठवायच्या, त्या बायका त्यांची गोधडी शिवून परत पाठवतात. मी मिरजगावजवळच्या एका गटाचं दुकान निवडलं, कारण त्यांच्या फोटोत मागच्या दोरीवरचे कपडे पांढरेशुभ्र धुतलेले दिसत होते. फॉर्ममध्ये पत्ता आणि मापं झाल्यावर शेवटी दोन प्रश्न होते: 'साडी कोणाची?' आणि 'त्यांना काय आवडायचं?' हा माल खपवायचा नवा चाळा असणार असं समजून मी लिहिलं, 'बहिणीची' आणि 'तांदळाची भाकरी'.

आषाढात गोधडी आली. कापडाच्याच पिशवीत, प्लॅस्टिकचा कागदसुद्धा नाही. ताईची निळी इरकली मधोमध, काठ चारी बाजूंनी, आणि टाके इतके सारखे की मी पट्टी लावून मोजले. श्रावणात मात्र एका कोपऱ्याला कुबट वास यायला लागला, मग मुंग्यांची रांग लागली. मी ब्लेडने शिवण उसवली. आत दोन बोटांएवढा भाकरीचा तुकडा, हिरव्या बुरशीने माखलेला. ताईच्या साडीत बुरशी. मला भयंकर राग आला. मी फोटो काढला, पाचपैकी एकच चांदणी दिली आणि लिहिलं, 'गोधडीत शिळं अन्न. मुंग्या. किळसवाणं.'

दुसऱ्या दिवशी अ‍ॅपचा निरोप आला की विक्रेत्याचं दुकान थांबवलं आहे, तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर कायमचं बंद होईल. बरं झालं, म्हटलं. संध्याकाळी फोनवर एका बाईच्या आवाजात निरोप आला.

"मॅडम, सुरेखा बोलतीय, मिरजगाववरनं. तुमी घासाचा फोटू टाकलाय. तो घास आता कुटं हाय? टाकला आसंल तर कुटं टाकला, तेवडं सांगा. आत्याबाई इचारत्यात."

ना माफी, ना विनवणी. मी तो निरोप तीनदा ऐकला. आमच्या प्रयोगशाळेत एक शिस्त होती. नमुना खराब निघाला की नुसता रिपोर्ट लिहून मोकळं व्हायचं नाही, विहिरीवर जाऊन यायचं. इथे मी रिपोर्ट लिहिला होता आणि विहीर पाहिली नव्हती. जाऊ की नको करण्यात अडीच आठवडे गेले, मग गोधडी पिशवीत भरली आणि निघाले.

मिरजगाव

पुण्याहून पुढच्या एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलं होतं आणि कंडक्टर 'नगर, नगर' ओरडत होता. एका आजोबांनी दोघांचंही ऐकून घेतलं, ड्रायव्हरला तिसऱ्यांदा विचारलं आणि मगच पायरीवर पाय ठेवला. नगरला गाडी बदलून मिरजगावला उतरले तेव्हा ऊन टळटळीत होतं. आमच्याकडे भाद्रपदात उशीसुद्धा ओली लागते. इथे रस्त्याच्या दोन्ही अंगांनी बाजरी कणसाला आलेली, आणि डोंगर म्हणून जे काही लांबवर दिसत होतं तेवढी टेकाडं आमच्या परसात असतात.

सुरेखा स्कूटीवर न्यायला आली होती. तिशीची, बारीक अंगाची, बोलताना सारखी फोनकडे बघणारी. तक्रारवाल्या बाईला मागे बसवून न्यायचं म्हणून तिने नव्या साडीचा पदर खांद्यावर पिन करून घेतला असावा असं मला उगाच वाटलं. वाटेत ती एकच वाक्य बोलली, "मॅडम, पाय आत घ्या, बाभळी लई आत आल्यात."

वस्तीवर त्यांचं पत्र्याचं घर आणि शेजारी सारवलेली लांबलचक पडवी. तिथे गटातल्या नऊ जणी बसून गोधड्या शिवतात. त्या दिवशी कोणी शिवत नव्हतं. मधे एक गोधडी पसरलेली होती, तीन कोपरे शिवलेले, चौथा उघडा. तिच्याकडे पाठ करून एक बाई बाजरी निवडत बसल्या होत्या. त्या सुरेखाच्या सासूबाई, पारूबाई. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला, आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत थांबून विचारलं, "बाई, तो घास कुटं टाकला?"

मी वाटेत एक सभ्य उत्तर तयार करून ठेवलं होतं. ते विसरले. "ओल्या कचऱ्यात," मी म्हणाले.

"त्या कचऱ्याचं काय करत्यात?"

"खत करतात."

पारूबाईंनी सुपातला एक खडा वेचला. "मग मातीत गेला. बरं झालं. मला वाटलं, गटारीत गेला का काय."

मग त्यांनी मला घास म्हणजे काय ते सांगितलं. गोधडीचे तीन कोपरे शिवून झाले की चौथ्यात भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि कोपरा मिटायचा. जिचं लुगडं, तिच्या आवडीचा घास. त्यांच्या आईने तसं केलं, त्यांनी तसंच केलं. "पांघरून उपाशी आसंल तर आंगाला ऊब देत न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरातली पंचवीस वर्षांची गोधडी त्यांनी माझ्या हातात दिली. कोपरा दाबून पाहिला तर आत काहीतरी खपलीसारखं कडक लागलं. बुरशी नाही, वास नाही. मी हुंगून पाहिलं, दोनदा. ज्या हवेत दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा होतो, तिथे भाकरीचा तुकडा सडणार कसा? तो वाळून तसाच राहतो. सडला तो माझ्या चिपळुणात.

"मॅडम, मी मुसलमान हाय," कापड बेतणाऱ्या शमीमभाभी कोपऱ्यातून म्हणाल्या. "पन माज्या हातच्या गोधडीतबी घास आसतोच. उपाशी कुनाला झोपवायचं?"

"आन तुमच्यासाटी तर तांदूळ येगळा दळून आनला," सुरेखा म्हणाली. "हितं सगळी बाजरीची नायतर ज्वारीची खानार. गिरनीवाला म्हनला, कोन आजारी हाय घरात?"

मला खरोखरच लाज वाटली. मी फॉर्ममध्ये जे मागितलं होतं, तेच त्यांनी गिरणीत जाऊन, दळून, भाजून मला पाठवलं होतं.

पण नुसती लाज वाटून भागणार नव्हतं, कारण घरात उभा दावा चालू होता. अ‍ॅपवर प्रत्येक दुकानाच्या नावापुढे एक हिरवं पान असतं. नवं कापड विकत न घेता, प्लॅस्टिक न वापरता, चिंधीसुद्धा वाया न घालवता काम करणाऱ्यांना ते मिळतं. माझ्या तक्रारीने त्यांचं पान पिवळं पडलं होतं, आणि अकरा दिवसांनी ते गळणार होतं. सुरेखाने ठरवलं होतं की तक्रार मिटो न मिटो, यापुढे घास बंद. तसं तिने दुकानाच्या माहितीत लिहायलाही घेतलं होतं. पारूबाईंनी त्या दिवसापासून सुई धरली नव्हती.

"आत्याबाई, नऊ घरं हायेत ह्याच्यावर. पुन्यांदा कुनाकडं मुंग्या लागल्या तर?"

"मग तुमी शिवा. माज्या हातनं उपाशी पांघरून व्हनार न्हाई."

दोघी हे भांडणाच्या आवाजात बोलत नव्हत्या. एकीने निवडलेली बाजरी दुसरीने डब्यात ओतली आणि त्या चुलीकडे गेल्या. रात्री हुलग्याची शेंगुळी होती, इतकी झणझणीत की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सगळ्यांना वाटलं मी रडतेय. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

मिठाची बरणी

सकाळी उठून मी सुरेखाकडे झाकणाची काचेची बरणी आणि मीठ मागितलं. मला एवढंच येतं. जिन्नस पुरता वाळला आहे की नाही हे बघायची एक गरिबाची रीत आहे. मीठ तव्यावर कोरडं करून घ्यायचं, बरणीत जिन्नस आणि मीठ घालून घट्ट झाकण लावायचं, बरणी सावलीत ठेवून मधूनमधून हलवायची. मीठ सुटं राहिलं तर जिन्नस कोरडा, चिकटलं तर ओल आहे.

"बाजरीची भाकरी मंद आचेवर कडक करा, उन्हात घाला, आणि मिठाने पास केली तरच कोपऱ्यात ठेवा," मी म्हणाले. "मग ती आमच्या पावसातही टिकेल. वर मेणकापडाचा एक पदर घाला."

"मेनकापड न्हाई," सुरेखा लगेच म्हणाली. "प्लास्टिक आलं की पान जातं."

यावर शमीमभाभींनी गोणीतून तांदळाची खळ देऊन कडक केलेलं जुनं खादीचं कापड काढलं. त्यांच्या मते तेच दोन पदरी पुरे. मी ते पाण्याच्या थेंबाने तपासलं. पुरे नव्हतं, पण काही नसल्यापेक्षा बरं होतं, आणि मी पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीला 'चालेल' म्हणाले. प्रयोगशाळेतल्या कोणी ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

बाजरी पास झाली, ज्वारी पास झाली. राहिली माझी तांदळाची. माझ्या गोधडीचा कोपरा मीच उसवला होता, तेव्हा त्यातला घास मीच करायचा, असं पारूबाईंनी सांगितलं. मी चुलीपुढे बसले. आमच्याकडे तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी थापतात, एवढं मला माहीत होतं. पहिली भाकरी परातीतून उचलताना फाटली. दुसरी तव्यावर पडली ती कोकणच्या नकाशासारखी. तिसरी मी उचललीच नाही.

पारूबाई पदराआड हसत होत्या. मग त्यांनी विचारलं, "बाई, बहिनीच्या आवडीची भाकरी तुमाला कधी करू वाटली न्हाई व्हय?"

"तीच करायची," मी म्हणाले. "मी खायची."

"म्हंजी आवडायची कुनाला?"

मी पीठ लागलेले हात तसेच धरून बसले. तांदळाची भाकरी मला आवडायची. ताई रोज करायची, गरम माझ्या ताटात वाढायची. फॉर्ममध्ये 'त्यांना काय आवडायचं' विचारलं, तेव्हा मला ताईच्या हातात जे दिसायचं तेच मी लिहिलं होतं. ते तिच्या तोंडात कधी पाहिलं नव्हतं. त्रेसष्ट वर्षं एका घरात राहून माझ्या बहिणीला काय आवडायचं ते मला सांगता येईना. त्या चुलीपुढे मला फार वाईट वाटलं, आणि या वेळी शेंगुळीचं निमित्तही नव्हतं.

"ती काय खायची?" पारूबाईंनी सोपं करून विचारलं.

"भाताची खरवड," मी म्हणाले. पातेल्याच्या बुडाला लागलेला, लालसर, करपट थर. ताई उलथन्याने तो खरवडून काढायची आणि उभ्याउभ्याच खायची. मला हेच आवडतं, म्हणायची. मी ते खरं मानलं होतं. आता वाटतं, खाली उरणारं कोणीतरी खायला हवं म्हणून तिने ते आवडून घेतलं असेल.

मी हे बोलून दाखवलं. पारूबाईंनी लाकूड पुढे सारलं. "आवडत हुती का उरत हुती, ते तिलाच म्हाईत. खात हुती ना? मग तोच घास."

भात टाकला. मुद्दाम बुडाला लागू दिला. तेवढं मात्र मला पहिल्या फटक्यात जमलं. खरवड उन्हात ठेवली आणि दुपारी मिठाच्या बरणीत घातली. संध्याकाळी बरणी हलवली तर मीठ वाळूसारखं खुळखुळत होतं. सगळ्यांत कोरडा निघाला तो ताईचा घास. सुरेखाने दुकानासाठी घास बंद केल्याची जी ओळ लिहायला घेतली होती, ती माझ्यासमोर पुसली.

चौथा कोपरा

तिसऱ्या दिवशी नऊच्या नऊ जणी आल्या. आधी पडवीतल्या त्या गोधडीचा उघडा कोपरा मिटला. पारूबाईंनी बाजरीचा कडक तुकडा खळीच्या कापडात गुंडाळून ठेवला आणि पंधरवड्याने पहिल्यांदा सुईत दोरा ओवला. दोरा ओवायला त्यांना चष्मा लागला, टाके घालायला लागला नाही.

मग माझी गोधडी पसरली. बायका तिच्या भोवती नाही, तिच्यावरच बसतात, मांडी घालून. कापड अंगाखाली दबून ताठ राहतं. मी चपला काढल्या, पाय धुतले, तरी ताईच्या साडीवर बसायला जीव होईना. शमीमभाभी म्हणाल्या, "बसा की. मोठ्या बहिनीच्या मांडीवर कधी बसला न्हाई काय?" बसले.

खरवड कोपऱ्यात ठेवली. "नाव घिऊन ठिवा," पारूबाई म्हणाल्या. ताई गेल्यापासून मी तिचं नाव कागदांवर बरेचदा लिहिलं होतं, तोंडाने घेतलं नव्हतं. "सुमन," मी म्हणाले. मला कोणीतरी उत्तर देईल असं क्षणभर वाटलं. मग मी कोपरा शिवला. माझे टाके आजूबाजूच्या टाक्यांत आजही वेगळे ओळखू येतात, एक लांब, एक आखूड. पारूबाईंनी ते उसवू दिले नाहीत.

दुपारी तक्रार मागे घ्यायला आम्ही पाण्याच्या टाकीवर चढलो, कारण वस्तीवर रेंज फक्त तिथे पूर्ण येते. चौसष्टाव्या वर्षी लोखंडी शिडी चढून तक्रार मागे घेणारी ग्राहक त्या अ‍ॅपने बहुधा पाहिली नसेल. स्क्रीनवर कारणांची यादी आली: वस्तू बदलून मिळाली, गैरसमज झाला, विक्रेत्याशी समझोता झाला. यातलं एकही खरं नव्हतं. गैरसमज म्हणावा तर भाकरी होतीच, बुरशीही होती. मी 'इतर' दाबलं आणि लिहिलं: 'ग्राहकाने जे मागितलं तेच तिला मिळालं होतं. मागताना ग्राहकाची चूक झाली. आता दुरुस्त केली आहे.' आणि पाच चांदण्या दिल्या. शिडीवरून उतरताना सुरेखाने माझा हात धरला आणि खाली आल्यावरही थोडा वेळ सोडला नाही.

चार दिवसांनी, मी चिपळुणात परतल्यावर, तिने फोटो पाठवला. पान हिरवं झालं होतं. फॉर्ममध्ये आता तिसरा प्रश्नही आहे: 'तुमच्याकडं पाऊस किती?' जोरात पाऊस पडणाऱ्या गावांचा घास दोन दिवस जास्त उन्हात घालतात आणि मिठाला विचारल्याशिवाय शिवत नाहीत. माझी गोधडी आश्विनातल्या पावसातून सुखरूप निघाली. मुंग्या येऊन कोपऱ्याभोवती फिरल्या आणि काही हाती न लागल्याने परत गेल्या.

दिवाळीनंतर मी माझ्या स्वतःच्या दोन साड्या काढल्या. नंतर कोणाला तरी विचारत बसावं लागेल, त्यापेक्षा आपणच भरावा फॉर्म. साडी कोणाची? माझीच. काय आवडायचं? 'फणसाची भाजी.' पाऊस? भरपूर.

संध्याकाळी सुरेखाचा निरोप आला. "मॅडम, फनस हिकडं मिळत न्हाई, आन तो वाळतबी न्हाई. दुसरं कायतरी आवडून घ्या."

मी फणस खोडला आणि खरवड लिहिलं.